लहान विमानांतील प्रज्वलन-यंत्रणा आणि माणदेशाचे ऊन

विमानविद्येच्या इतिहासाविषयी मराठीत जे लेखन झाले आहे त्याचा बराचसा भाग 'प्रथम कोण उडाले' या एका प्रश्नाने व्यापलेला आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडविल्याची कथा या लेखनात पुनःपुन्हा येते. तिला समकालीन पुराव्याचा आधार मिळत नाही, हेही आता पुष्कळदा सांगून झाले आहे. एकदा उडालेले विमान हवेत चालू राहते ते कशाच्या बळावर, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वस्तुतः इतिहासाच्या दृष्टीने तोच अधिक फलदायी आहे. कारण त्याचे उत्तर एखाद्या वीरपुरुषाच्या चरित्रात सापडत नाही. ते कारखान्यातील सवयींत, नियमांच्या पुस्तकांत आणि ज्या भूमीवरून विमान उडते तिच्या हवामानात शोधावे लागते.

प्रस्तुत लेखाचा विषय या प्रश्नाचा एक लहानसा भाग आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या हवाई इंजिनात ठिणगी पाडणारे जे भाग असतात ते उष्णतेपासून कसे जपले गेले, आणि विमान कारखान्याऐवजी घरी बांधले जाऊ लागले तेव्हा या जपणुकीचे काय झाले, याचा येथे विचार करावयाचा आहे. भूमीचा दाखला म्हणून साताऱ्याचा माण तालुका आणि त्याला लागून असलेला सांगलीचा आटपाडी भाग, म्हणजेच माणदेश, घेतला आहे. महादेवाच्या डोंगररांगेच्या पर्जन्यछायेतील हा उघडा, कोरडा प्रदेश चैत्र-वैशाखात चाळीस अंशांपर्यंत तापतो. त्याच्या एका अंगाला कोयना प्रकल्पाच्या काळात बांधलेली कराडची धावपट्टी आहे, तर दुसऱ्या अंगाला वैमानिक-शिक्षणासाठी वापरली जाणारी बारामतीची. तेव्हा लहान विमान आणि माणदेशाचे ऊन यांची गाठ केवळ कल्पनेतली नव्हे.

मिनिटाला २,४०० फेरे घेणाऱ्या चतुर्घाती इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरात मिनिटास १,२०० वेळा ठिणगी पडावी लागते, आणि तीही दट्ट्याच्या गतीशी अचूक मेळ राखून. राइट बंधूंच्या १९०३ च्या इंजिनात कमी दाबाच्या विजेचा मॅग्नेटो होता. सिलिंडरातील दोन टोके जुळून विलग होताना ठिणगी पडे. त्याच सुमारास, १९०२ मध्ये, श्टुटगार्ट येथे रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. लोहचुंबकाच्या योगाने तारेच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न व्हावी आणि तिचा दाब वाढून प्लगच्या टोकांमधील फट तिने ओलांडावी, अशी ही योजना होती. तिला बॅटरी लागत नाही. विमानाच्या दृष्टीने हा गुण अमोल ठरला, कारण विमानातील सर्व वीज गेली तरी इंजिन फिरते तोवर ठिणगी पडतच राहते. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटनला आपल्या इंजिनांचे मॅग्नेटो शत्रूच्या देशातून येत होते याची जाणीव झाली आणि तो उद्योग घाईने स्वदेशी उभारावा लागला. एवढ्या लहान वस्तूवर एवढी मोठी चिंता क्वचितच खर्च झाली असेल.

मॅग्नेटोचा शत्रू उष्णता. त्याच्या वेटोळ्यातील तार रेशीम, कागद आणि वार्निश यांनी वेढलेली असते. उष्णतेने वार्निश ठिसूळ होते, त्याला सूक्ष्म तडे जातात आणि वीज प्लगकडे न जाता आतल्या आत वाट काढते. विद्युत्-रोधक द्रव्याचे आयुष्य तापमानात आठ-दहा अंशांची वाढ झाली की सुमारे निम्मे होते, असा विद्युत्-अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. कंडेन्सरही तापाने दुबळा होतो. वाटपाची चकती प्रारंभीच्या काळात एबोनाइटची, म्हणजे कठीण केलेल्या रबराची, असे, आणि तीही उष्णतेत मऊ पडे. पुढे बेकेलाइट आले, वार्निशे सुधारली, लोहचुंबकाचे मिश्रधातू बदलले. तथापि मूळ अडचण राहिलीच. या बिघाडाची रीत मोठी फसवी आहे. तापलेला मॅग्नेटो दगा देतो, इंजिन उतरल्यावर थंड होते, तपासनीस येऊन पाहतो तो ठिणगी उत्तम पडत असते!

यावर विमानशास्त्राने दिलेले पहिले उत्तर संख्येचे होते. प्रत्येक सिलिंडरास दोन प्लग आणि प्रत्येक इंजिनास दोन स्वतंत्र मॅग्नेटो, ही पद्धत रूढ होऊन पुढे नियमात उतरली. एक बंद पडला तर दुसऱ्यावर विमान धावपट्टी गाठते. उड्डाणापूर्वी वैमानिक दोन्ही मॅग्नेटो आळीपाळीने बंद करून फेरे किती उतरतात ते पाहतो. ही तपासणी आजही प्रत्येक शिकाऊ वैमानिकाच्या हातवळणी पडलेली असते. परंतु या उत्तरात एक गृहीत दडलेले आहे. एकाचा बिघाड दुसऱ्याच्या बिघाडाशी संबद्ध नसावा, हे ते गृहीत होय. तार तुटणे किंवा दाता झिजणे यांसारख्या दोषांना ते लागू पडते. उष्णतेला लागू पडत नाही. एकाच बंदिस्त जागेत, एकाच गरम हवेत शेजारी शेजारी बसविलेले दोन मॅग्नेटो मोजण्यापुरते दोन असतात. उष्णतेच्या लेखी ते एकच.

या जागेचा प्रश्न तीव्र झाला तो इंजिन झाकले गेल्यामुळे. आरंभीच्या विमानांत सिलिंडर उघडे असत आणि पंख्याचा झोत त्यांवर व मागील भागांवर मोकळेपणी येई. १९२८ मध्ये अमेरिकेतील नॅका या सरकारी संशोधन-संस्थेत फ्रेड वाइक यांच्या हाताखाली इंजिनाच्या आवरणाचे प्रयोग झाले. योग्य आकाराचे आवरण घातले तर हवेचा विरोध बराच घटतो आणि इंजिनही पुरेसे थंड राहते, असे त्यांतून सिद्ध झाले. वैमानिक या आवरणाला काऊलिंग म्हणतात. त्यानंतर शीतन म्हणजे झोतात उभे राहणे ही कल्पना मागे पडली आणि शीतन म्हणजे हवेचा हिशेब, ही कल्पना पुढे आली. पुढील तोंडातून आलेली हवा सिलिंडरांच्या वर दाबाने साठवावयाची, पत्र्याच्या आडपडद्यांनी तिच्या सर्व पळवाटा बुजवावयाच्या आणि सिलिंडरांच्या कल्ल्यांमधूनच तिला खाली उतरावयास लावावयाचे, असा हा हिशेब आहे. सिलिंडरांसाठी तो उत्कृष्ट ठरला. मॅग्नेटोची मात्र त्यात गैरसोय झाली. तो इंजिनाच्या पाठीशी, आडपडद्यांच्या मागे आणि आगरोधक भिंतीच्या पुढे असतो. तेथे पोहोचणारी हवा सिलिंडरांना स्पर्शून तापलेली असते.

त्यावरचा उपाय दिसावयास अगदी क्षुल्लक आहे. सिलिंडरांमागील आडपडद्याला भोक पाडून अर्ध्या-पाऊण इंच व्यासाची नळी बसवावयाची आणि तिचे तोंड मॅग्नेटोवर रोखावयाचे. वरच्या बाजूची थंड, दाबाखालील हवा या नळीवाटे सरळ त्याच्या अंगावर येते. अशा प्रत्येक नळीमागे सिलिंडरांच्या वाट्याची थोडी हवा कमी होते, म्हणून कारखाने ती मोजूनमापून बसवितात. माणदेशातील वाचकास हे उलटे वाटेल. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या भागांतून देशभर पांगलेला गलाई कारागीर मुशीतले सोने-चांदी वितळविण्यासाठी जे साधन वापरीत आला ते म्हणजे नेमक्या जागी नेमका फुंकलेला वारा. तेथे वारा आगीला चेतवितो, येथे तो तिच्यापासून राखण करतो. वारा कोठे पडतो यावर सर्व काही अवलंबून असते, हा धडा मात्र दोन्हीकडे सारखाच.

हिंदुस्थानात हा हिशेब कारखान्याच्या पातळीवर करणारी पहिली पिढी ज्या संस्थेत घडली तिचा या भागाशी निकटचा संबंध आहे. हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी डिसेंबर १९४० मध्ये बंगलोर येथे स्थापन झाली ती माणच्या शेजारच्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने. तेथील विमान-रचनेचे काम ज्यांनी उभारले ते डॉ. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूरकडील. ग्यॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९३० नंतरच्या दशकात डॉक्टरेट मिळविली होती. पृष्ठभागालगतच्या हवेच्या पातळ थराचा सिद्धांत हे प्रांटल यांचे विज्ञानाला मोठे देणे होय. त्या परंपरेत वाढलेला माणूस शिकाऊ वैमानिकांसाठी साधे विमान रचतो, ही घटना मराठी विज्ञानेतिहासात जितकी नोंदली जावयास हवी होती तितकी नोंदली गेलेली नाही. त्यांच्या एच्‌टी-२ या विमानाचे पहिले उड्डाण ५ ऑगस्ट १९५१ रोजी झाले. त्याच्या पुढील नमुन्यांत १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर इंजिन होते. १९५८ मध्ये 'पुष्पक' हे ९० अश्वशक्तीच्या कॉन्टिनेंटल इंजिनाचे दोन आसनी विमान उडाले आणि फ्लाइंग क्लबांतून एका पिढीने त्यावर धडे गिरविले.

पुष्पकचे इंजिन चार आडव्या सिलिंडरांचे असून त्याचे दोन्ही मॅग्नेटो मागील बाजूस आहेत, म्हणजे वर वर्णिलेल्या गैरसोयीच्या जागीच. परंतु ती गैरसोय कोणी सोसावयाची हे तेथे निश्चित होते. इंजिनाचा निर्माता मर्यादा सांगे, विमानाचा निर्माता आवरण, आडपडदे आणि नळ्या त्या मर्यादेत बसवी, उष्ण दिवशी उड्डाण करून तापमाने मोजी, आणि शासकीय तपासनीस ती पाहून प्रमाणपत्र देई. क्लबातल्या विद्यार्थ्याला यांपैकी काहीच ठाऊक असण्याची गरज नव्हती. कारखान्याचे विमान म्हणजे पत्रा, लाकूड आणि कापड तर होयच, परंतु त्यात न दिसणारे पुष्कळसे मोजमापही साठविलेले असते.

घरी बांधलेल्या विमानात उणे पडते ते हे मोजमाप. घरगुती विमानबांधणीची चळवळ जुनी आहे. अमेरिकेत बर्नार्ड पीटेनपोल यांनी १९२९ मध्ये फोर्ड मोटारीचे इंजिन आपल्या 'एअर कॅम्पर'वर चढविले. फ्रान्समध्ये आंरी मिन्ये यांच्या १९३३ च्या 'पू द्यु सिएल'ने हौशी लोकांना वेड लावले. त्या विमानाला झालेल्या अपघातांचे कारण इंजिनात नव्हते, पंखांच्या रचनेत होते, एवढे येथे नमूद करणे पुरे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही चळवळ संघटित झाली. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकी येथे स्थापिलेली हौशी बांधकाऱ्यांची संघटना आज जगभर पसरली आहे. याच काळात युरोपातील झोडेल व द्रुइन यांच्या लहान विमानांतून फोक्सवॅगन मोटारीचे इंजिन लोकप्रिय झाले.

या फोक्सवॅगन इंजिनाचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. हवेने थंड होणारे, हलके आणि स्वस्त म्हणून ते विमानास योग्य वाटले. परंतु मोटारीत त्याला पट्ट्यावर फिरणारा स्वतःचा पंखा होता आणि गाडी उभी असतानाही तो हवा पुरवी. ठिणगीची कॉइल तर त्या पंख्याच्या आवरणावरच बसविलेली असे. विमानात वजन वाचविण्यासाठी पंखा आणि त्याचे आवरण प्रथम काढून टाकले जाते. बांधकाऱ्याला वाटते की आपण एक निरुपयोगी भाग कमी केला. प्रत्यक्षात त्याने कॉइलची जागा आणि तिचा वारा, दोन्ही काढून टाकलेली असतात. आता मॅग्नेटो किंवा कॉइल कोठे बसवावयाची, तिला हवा कोठून द्यावयाची, धुराची नळी तिच्यापासून किती दूर ठेवावयाची, हे सर्व त्यानेच ठरवावयाचे असते. धुराच्या नळीची उष्णता तर हवेवाचूनही, प्रकाशासारखी, सरळ येऊन भिडते. तिला वारा आवरीत नाही. मध्ये थोडे अंतर सोडून चकचकीत पत्र्याचा आडोसा करावा लागतो.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचे. मुंबईत कांदिवली येथील इमारतीच्या गच्चीवर त्यांनी बांधलेले सहा आसनी विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले गेले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची शासकीय नोंदणी झाली. गच्चीवर बांधणी कशी केली आणि सुटे भाग खाली कसे उतरविले, याचे वर्णन वृत्तपत्रांनी सविस्तर छापले. नोंदणीसाठी पहावी लागलेली दीर्घ वाटही गाजली, आणि लोकमत स्वाभाविकच बांधणाऱ्याच्या बाजूने होते. तथापि विलंबाच्या चर्चेत एक गोष्ट दृष्टीआड झाली. कारखान्याच्या विमानात जे मोजमाप अनेक खात्यांत विभागलेले असते ते येथे एका माणसाकडून मागावे लागते. अशा विमानाची परीक्षा कशी करावी हा प्रश्न शासनालाही सोपा नसतो. यंत्रणेच्या दिरंगाईचे समर्थन यातून होत नाही, परंतु प्रश्न खरा होता.

आता माणदेशाच्या उन्हाकडे वळावयाचे. गेल्या काही दशकांत लहान विमानांत मॅग्नेटोची जागा इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाने घेतली. ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीचे १९८९ मध्ये आलेले ९१२ हे इंजिन घरगुती आणि अतिहलक्या विमानांत सर्वत्र दिसते. त्याचेही प्रज्वलन दुहेरी आहे, आणि त्याच्या दोन इलेक्ट्रॉनिक पेट्या इंजिनाच्या माथ्यावर शेजारी शेजारी असतात. त्यांचे तापमान ८० अंश सेल्सियसच्या वर जाऊ नये, अशी निर्मात्याची मर्यादा आहे. झिजणारे दाते गेले, सांभाळ कमी झाला, हा लाभ उघड आहे. परंतु अर्धवाहक भाग आणि कंडेन्सर यांना उष्णता जुन्या वेटोळ्याइतकीच, किंबहुना अधिक, बाधते.

ही मर्यादा अंतिम तापमानाची आहे, तापमानवाढीची नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे. मध्य युरोपात बाहेरची हवा १५ अंश असेल तर आवरणाखालील जागेला ६५ अंशांची वाढ परवडते. माणमध्ये वैशाखाच्या दुपारी हवाच ४० अंश असते, तेव्हा वाढीस ४० अंशच उरतात. तेच आवरण, त्याच नळ्या, तेच इंजिन, पण सुरक्षिततेची पुंजी जवळजवळ दोन-पंचमांशाने घटलेली. शिवाय हवा विरळ. भूमीची उंची ६०० मीटर आणि तापमान ४० अंश धरले तर हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाण हवेपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी कमी भरते, आणि विमान जणू सुमारे १,६०० मीटर उंचीवरून उडाल्याप्रमाणे वागते. वैमानिकाने तबकडीवरील वेग नेहमीचाच राखला तर नळ्यांतून जाणाऱ्या हवेचे वस्तुमान सुमारे ७ टक्क्यांनी घटते. विरळ हवेत इंजिनाची शक्ती व उष्णताही उतरत असल्यामुळे हा दुसरा तोटा काही अंशी भरून निघतो. पहिला मात्र कशानेच भरून निघत नाही. परदेशी नकाशावरून किंवा सुट्या भागांच्या संचावरून विमान बांधणाऱ्याने त्या नकाशातील नळीचा व्यास जशाचा तसा उचलला तर त्याबरोबर तो परदेशचे हवामानही उचलतो.

त्याहूनही कठीण प्रसंग हवेत येत नाही, जमिनीवर येतो. उड्डाणानंतर इंजिन बंद होते, पंखा थांबतो, नळ्यांतला वारा संपतो. सिलिंडर, तेल आणि धुराच्या नळ्या यांत साठलेली उष्णता मग वर चढते आणि आवरणाखाली कोंडते. प्रज्वलनाचे भाग सर्वांत अधिक तापतात ते पुष्कळदा इंजिन बंद केल्यानंतरच्या दहा-वीस मिनिटांत. नेमके त्याच वेळी, प्रवासी किंवा विद्यार्थी बदलून, इंजिन पुन्हा सुरू केले जाते. दोन्ही पेट्या सारख्याच तापलेल्या असतात. जमिनीवरील तपासणीत त्या उत्तीर्ण होतात आणि चढणीला, पूर्ण शक्ती लागत असताना, वेग कमी व वारा थोडा अशा अवस्थेत त्यांची खरी परीक्षा होते. एका इंजिनाच्या विमानात त्या क्षणी दुहेरी प्रज्वलनावरील विश्वास कितपत रास्त आहे, हे वर सांगितलेल्या गृहीतावरून ताडता येते.

याच भूमीवर जमिनीवरच्या इंजिनाने या प्रश्नातून निराळी वाट काढली. आटपाडीचा भाग १९४८ पर्यंत औंध संस्थानात होता, आणि १९१० मध्ये कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना वसविला तोही त्याच संस्थानाच्या आश्रयाने. पुढे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी निघाली आणि मोटेच्या जागी विहिरीवर डिझेल इंजिन येऊ लागले. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच तेल पेटते. म्हणजे जी उष्णता मॅग्नेटोचा घात करते तीच येथे कामाला लावलेली. विहिरीच्या काठावर धूळ, ओल आणि ऊन यांत चालावयाच्या यंत्रातून ठिणगी वगळली जाणे हा शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठाच फायदा होता. या इंजिनाला वजनाची फिकीर नव्हती. उपसलेल्या पाण्याचाच एक फाटा त्याच्या अंगातून फिरवून त्याला थंड ठेवता येई. विमानाला ही वाट दीर्घकाळ बंद राहिली, कारण डिझेलचे वजन. एकविसाव्या शतकाच्या आरंभी काही लहान विमानांत डिझेल आले, परंतु घरगुती बांधणीत ठिणगीचेच इंजिन बहुसंख्य आहे.

तेव्हा घरी विमान बांधणाऱ्यापुढे उरतात ते लहान उपाय, आणि अनुभवी बांधकाऱ्यांच्या परंपरेत ते हळूहळू जमा होत आले आहेत. प्रज्वलनाच्या दोन पेट्या शक्य तर एकाच जागी बसवू नयेत. तशा बसवाव्याच लागल्या तर प्रत्येकीला स्वतंत्र नळी द्यावी. नळीचे तोंड पेटीपासून दूर हवेत न सोडता तिच्या अंगावरच आणावे. धुराच्या नळीकडील बाजूस आडोसा घालावा. उतरल्यावर विमान वाऱ्याकडे तोंड करून उभे करावे आणि तेल भरण्याचे वरचे दार उघडे टाकावे, म्हणजे कोंडलेली उष्णता वर निघून जाते. उष्णतेने कायमचा रंग बदलणाऱ्या लहान पट्ट्या मिळतात. त्या पेटीच्या स्क्रूजवळ चिकटविल्या तर गाठलेले सर्वोच्च तापमान त्यांवर राहते, वैमानिकाने पाहिले असो वा नसो. अशी पट्टी पौषातल्या सकाळी वाचून उपयोग नाही. ती वैशाखात, दुपारच्या उड्डाणानंतर अर्धा तास विमान उन्हात उभे ठेवून मग वाचावी लागते.